तज्ज्ञ मुंबईत, बाबा मानेवाड्यात

प्रश्न : माझे बाबा 60 वर्षांचे आहेत. आम्ही नागपुरात मानेवाडा भागात राहतो. चार वर्षांपूर्वी त्यांचे अक्षर बारीक होऊ लागले, बद्धकोष्ठता वाढली, लघवीची घाई होऊ लागली आणि बोलणे जड झाले. येथील न्यूरॉलॉजिस्टांनी आधी पार्किन्सन म्हणून गोळ्या दिल्या, त्यांचा गुण थोडाच आला. दीड वर्षानंतर त्यांनीच फाइलवर ‘मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी’ असे लिहिले आणि एकदा मुंबईच्या तज्ज्ञांना दाखवून या, असे सुचवले. मधल्या काळात बाबा न्हाणीघरात दोनदा पडले. उठले की त्यांना अंधारी येते. पंचवीस वर्षांपासूनच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना झोपवून बीपी मोजले, ते 160/95 आले, म्हणून बीपीची गोळी वाढवली, मीठ कमी करायला सांगितले आणि चक्करेसाठी वेगळी गोळी दिली. लघवीसाठी दाखवले तर तेथे प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला. पाणी पिताना अधूनमधून ठसका लागतो. आई म्हणते की अलीकडे ते रात्री विचित्र घोरतात. दादा पुण्याला असतो. त्याचे म्हणणे, नागपूरचे सगळे बंद करून दर दोन महिन्यांनी मुंबईलाच न्यायचे, कारण या आजारातले इथे कोणाला काही कळत नाही. आईचे म्हणणे, रात्री दोन वाजता फोन उचलतात ते आपलेच डॉक्टर. बाबा म्हणतात, मला कुठेही नेऊ नका. आम्ही नेमके कोणाचे ऐकायचे?
— एक मुलगी, नागपूर

उत्तर : तुमच्या दादांचे एक म्हणणे मला मान्य आहे आणि आईचेही एक मान्य आहे. बाबांना मुंबईला एकदा न्यावेच, आणि ते लांबणीवर टाकू नये. पण दर दोन महिन्यांनी नेण्याची गरज मला दिसत नाही, आणि ज्या डॉक्टरांनी पंचवीस वर्षे घर सांभाळले त्यांना सोडून दिल्यास त्यात तोटा बाबांचाच होईल. याची कारणे पुढे येतीलच. मात्र तुमच्या पत्रातल्या तीन गोष्टी अशा आहेत की त्यांच्यासाठी मुंबईच्या तिकिटाची वाट पाहणे योग्य नाही. त्या याच आठवड्यात मार्गी लागल्या पाहिजेत, म्हणून आधी त्या घेतो.

सर्वांत आधी रक्तदाब. रक्तदाब, मूत्राशय, आतडी, घाम अशी शरीरातली जी कामे आपल्या नकळत आपोआप चालतात, त्यांचा कारभार पाहणारी मज्जासंस्थाच मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या, मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजण्याच्या आजारात बिघडते. आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरते, आणि निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या क्षणार्धात आकसून ते पुन्हा वर ढकलतात. बाबांच्या शरीरात ‘आकसा’ हा हुकूम वेळेवर सुटत नाही. त्यामुळे आडवे असताना चढलेला आणि उभे राहताच कोसळलेला, असा दोन्ही प्रकारचा रक्तदाब एकाच माणसात, पाच मिनिटांच्या अंतराने सापडू शकतो. तुमच्या डॉक्टरांनी झोपवून मोजलेला 160 हा आकडा खोटा नव्हता, पण तो निम्माच होता. उरलेला निम्मा उभे करून मोजल्याशिवाय कळत नाही, आणि मला दाट शंका आहे की बाबांच्या दोन्ही पडण्यांचे कारण त्या न मोजलेल्या निम्म्यात आहे. तसे असेल तर वाढवलेली गोळी त्यांना आणखी खाली ओढत असणार.

हे घरीही तपासता येते. दंडाला पट्टा बांधायचे बीपीचे साधे यंत्र घ्या. बाबांना पाच मिनिटे शांत पडू द्या आणि आकडा लिहा. मग त्यांना उभे करा, एकाने धरून ठेवावे, आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर उभे राहिल्यावर रक्तदाब पडतो हे सिद्ध झाले. सकाळी चहापूर्वी, दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी असे तीन दिवस मोजून तो कागद फॅमिली डॉक्टरांपुढे ठेवा. गोळीचे काय करायचे ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही आपल्या मनाने ती एकदम थांबवू नका, कारण बीपीच्या काही गोळ्या अचानक तोडल्या तर रक्तदाब उसळतो.

तोपर्यंत पलंगाच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा ठेवून ती बाजू अर्धा-पाऊण फूट उंच करून घ्या. नुसत्या उशा वाढवून ते साधत नाही. त्याने रात्रीचा चढलेला रक्तदाब थोडा उतरतो आणि सकाळी उठतानाची अंधारीही कमी होते. दुपारी पोटभर भात-वरण जेवून लगेच उठू नये, कारण जेवणानंतर रक्त पोटाकडे जाते आणि अशा रुग्णाचा रक्तदाब हमखास पडतो. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार लहान जेवणे बरी. आता मिठाविषयी. हृदय आणि मूत्रपिंडे ठीक असतील तर या आजारात मीठ आणि पाणी वाढवायला सांगतात, म्हणजे तुमच्या आईला आता बाबांच्या ताटात मीठ परत वाढावे लागेल. हे वाटते तितके सोपे नाही. बीपीच्या माणसाच्या ताटातले लोणचे-पापड बाजूला काढण्यात आईने आपली माया ओतलेली असते, आणि कोणीतरी येऊन उलटे सांगितले की तिचा विश्वास बसत नाही. म्हणून ही गोष्ट दादांकडून किंवा तुमच्याकडून न जाता डॉक्टरांच्याच तोंडून आईच्या कानावर गेली पाहिजे.

दुसरी गोष्ट चक्करेच्या गोळीची. तिचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, पण आपल्याकडे चक्कर म्हटले की सिनारिझीन, फ्लुनारिझीन किंवा प्रोक्लोरपेराझीन यांपैकी एखादे औषध सर्रास लिहिले जाते, आणि ही तिन्ही औषधे डोपामिन या, हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या मेंदूतल्या रसायनाच्या कामात अडथळा आणतात. पार्किन्सन आणि त्याच्या जातकुळीतल्या आजारांत त्यांनी अंग आणखी ताठरते आणि चाल आणखी मंदावते. उलटी थांबवण्यासाठी देतात त्या मेटोक्लोप्रमाइडचेही तसेच आहे. रुग्णालयात भरती असताना रात्री रुग्ण गोंधळला म्हणून कोणी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन देऊ पाहत असेल, तर तेथे तुम्ही आजाराचे नाव सांगून हात धरलाच पाहिजे. गोळीचे पाकीट पाहा, मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले नाव वाचा, आणि वरच्यांपैकी एखादे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगावे लागेल. मी या शहरात तीस वर्षे जनरल प्रॅक्टिस केली. एका निवृत्त शिक्षकांना चक्करेसाठी मीच सिनारिझीन दिले होते, आणि चक्कर थांबेना म्हणून आठ महिने चालू ठेवले होते. ते पाय ओढत चालायला लागले तेव्हा मी वयाला दोष दिला. शेवटी एका तरुण न्यूरॉलॉजिस्टांचा मला फोन आला. ते म्हणाले, “सर, ती गोळी आपण थांबवून पाहू या का?” त्यांनी ‘आपण’ म्हटले, हे मी आजही विसरलेलो नाही. ते ‘तुम्ही दिलेली गोळी’ म्हणाले असते तर कदाचित मी अडून बसलो असतो. तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा प्रसंग मनात ठेवा.

तिसरी गोष्ट प्रोस्टेटच्या ऑपरेशनची, आणि येथे मी अगदी ठामपणे लिहितो : न्यूरॉलॉजिस्टांशी बोलल्याशिवाय ते ऑपरेशन होऊ देऊ नका. साठीच्या पुरुषाची प्रोस्टेट थोडी वाढलेली असणे नवलाचे नाही, सोनोग्राफीत ती दिसतेच. पण या आजारात लघवीचा त्रास प्रामुख्याने मूत्राशयाच्या नसांमुळे होतो, आणि अनेक रुग्णांचे प्रोस्टेटचे ऑपरेशन निदान होण्याआधीच विनाकारण झालेले असते. त्याने त्रास तर जात नाहीच, उलट लघवीवर उरलेला ताबाही पूर्ण सुटण्याची भीती असते. लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते, एवढे सोनोग्राफीत मोजून घ्या. ती शंभर मिलीलिटरच्या वर राहत असेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करणे हा मार्ग असतो, आणि तो घरच्या माणसाला शिकता येतो. प्रोस्टेटसाठी देतात त्या टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनीही उभ्याचा रक्तदाब पडतो, म्हणून तशी एखादी चालू असेल तर तीही कागदावर लिहा.

न्यूरॉलॉजिस्ट, फॅमिली डॉक्टर आणि ऑपरेशन सुचवणारे डॉक्टर ही तिन्ही माणसे वाईट किंवा निष्काळजी आहेत असे मला वाटत नाही, आणि दादांच्या ‘इथे कोणाला काही कळत नाही’ या वाक्याला माझी हरकत येथेच आहे. हा आजार लाखात चार-पाच जणांना असतो. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या 24 लाख होती. त्या हिशेबाने साऱ्या शहरात असे रुग्ण साधारण शंभर-सव्वाशे असतील, आणि त्यांपैकी एखादाच एका फॅमिली डॉक्टरच्या आयुष्यात येतो, तोही बहुधा न ओळखता निघून जातो. खुद्द या आजाराला एक नाव 1969 साली मिळाले, ग्रॅहम आणि ओपनहायमर या दोन डॉक्टरांमुळे. त्याआधी चालीचा त्रास ठळक असेल तर एक आजार, तोल जात असेल तर दुसरा आणि रक्तदाब पडत असेल तर तिसरा, असे एकाच आजाराचे तीन वेगळे आजार मानले जात होते. म्हणजे बाबांच्या बाबतीत आज जे घडते आहे, की प्रत्येक डॉक्टर आपल्या वाट्याचे लक्षण पाहतो आहे, तेच एके काळी वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातही घडत होते. तुमच्या नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टांनी दीड वर्षात स्वतःचे निदान स्वतः खोडले आणि दुसऱ्याचे मत घ्या म्हणून सांगितले, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पार्किन्सन आणि हा आजार यांतला फरक सुरुवातीच्या काळात भल्याभल्यांना कळत नाही.

मग मुंबईला कशासाठी जायचे? न्यूरॉलॉजिस्ट म्हणजे मेंदू आणि नसांचे तज्ज्ञ. त्यांच्यातही केवळ हालचालींचे विकार पाहणारे वेगळे असतात, त्यांना मूव्हमेंट डिसऑर्डर स्पेशालिस्ट म्हणतात, आणि तुम्हाला त्यांचीच गाठ घ्यायची आहे. ‘मोठे हॉस्पिटल’ एवढ्यावर जाऊ नका. तेथे तुम्हाला हृदयाचे नामांकित डॉक्टर भेटतील आणि या आजाराचे कोणीच भेटणार नाही, असेही होऊ शकते. हालचालींच्या तज्ज्ञांकडून घ्यायचे ते मुख्यतः निर्णय. पार्किन्सनसाठी देतात ती लेव्होडोपाची गोळी पुरेशा मात्रेत आणि पुरेसे महिने देऊन पाहिली गेली का, हा एक. या आजारात सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तिचा काही ना काही उपयोग होतो, आणि ‘थोडाच गुण’ म्हणून ती लवकर सोडून दिली तर तेवढाही हातचा जातो. एमआरआयमध्ये मेंदूच्या पॉन्स या भागात फुलीसारखी खूण आहे का, हे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील, म्हणून रिपोर्टच्या कागदाबरोबर फिल्म किंवा सीडीही न्या. आणि तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मी विचारतो : हे आम्हा भावंडांना होईल का? मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी सहसा आनुवंशिक नसते. पण तिच्यासारखाच दिसणारा स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया हा आनुवंशिक विकारांचा एक गट आहे आणि त्यातले बरेच विकार पुढच्या पिढीत उतरण्याची शक्यता पन्नास टक्के असते. घराण्यात आजोबा, काका, आत्या यांच्यापैकी कोणाचा तोल जात होता का, हे आईकडून नीट विचारून घ्या. त्यावरून जनुकीय चाचणी करायची की नाही हे तज्ज्ञ ठरवतील.

आईच्या त्या ‘विचित्र घोरण्या’ला मी फार महत्त्व देतो. नेहमीचे घोरणे खालच्या पट्टीतले आणि खरखरीत असते. या आजारात झोपेत स्वरयंत्राच्या पट्ट्या नीट उघडत नाहीत, आणि श्वास आत घेताना उंच पट्टीतला, चिरका, शिट्टीसारखा आवाज येतो. त्याला स्ट्रायडॉर म्हणतात, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही, कारण झोपेत श्वास अडण्याचा धोका त्यात असतो. रात्री खोलीत मोबाइल ठेवून दोन-तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा. तो तसा निघाला तर मुंबईची तारीख मिळेपर्यंत थांबू नका, येथेच न्यूरॉलॉजिस्टांना ऐकवा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्या. झोपेतला श्वास मोकळा ठेवणारे यंत्र लागेल का, हे त्यानंतर ठरते. ठसक्यासाठी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणीही नागपुरातच होऊ शकते. पातळ पाण्याचा ठसका लागतो आणि घट्टसर द्रव नीट जातो, असे बहुधा दिसून येते.

प्रवासाआधी एक फाइल लावा, सगळ्यात जुना कागद खाली आणि नवा वर. त्यात बाबांच्या हाताचे चार वर्षांपूर्वीचे एखादे पत्र किंवा बँकेची पावती ठेवा आणि शेजारी आजचे अक्षर. चालतानाचा, वळतानाचा आणि खुर्चीतून उठतानाचा एक-एक व्हिडिओ घ्या, कारण डॉक्टरांच्या खोलीत रुग्ण घरच्यापेक्षा नेहमीच बरा चालतो. एप्रिल-मे टाळा. या आजारात घाम नीट येत नाही, म्हणजे अंग थंड ठेवण्याचा मुख्य मार्गच बंद झालेला असतो, त्यात उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब आणखी पडतो. 45 अंशांच्या नागपुरात दुपारी अशा माणसाला स्टेशनवर उभे करणे म्हणजे मुंबईच्या डॉक्टरांना दाखवण्याआधीच त्याला भरती करण्याची तयारी होय. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, हा शब्द मुंबईच्या तज्ज्ञांच्या कानावर कदाचित कधी पडलाही नसेल. तो काळ कूलरपुढे, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून, बाबांना दुपारी घराबाहेर न काढता काढायचा आहे, हे तुमच्या फॅमिली डॉक्टरांना सांगावे लागणार नाही. त्यांना फक्त एवढे कळले पाहिजे की या रुग्णाचा ताप हा नुसता उन्हाचाही असू शकतो.

मुंबईहून निघताना तज्ज्ञांकडून औषधांच्या चिठ्ठीखेरीज एक पत्र मागा, आणि ते फॅमिली डॉक्टरांच्या नावे असू द्या. एक पान पुरते. आजाराचे नाव, कोणती औषधे द्यायची, कोणती द्यायची नाहीत, बीपी उभे करून मोजावे, ते किती असावे, आणि काय झाले तर कोणाला फोन करावा, एवढे त्यात हवे. अनेक घरे हे मागायला संकोचतात. संकोचू नका, चांगले तज्ज्ञ ते आनंदाने देतात. पुढची भेट व्हिडिओवर होऊ शकते. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांनुसार डॉक्टरांना व्हिडिओवर रुग्ण पाहून औषध लिहून देता येते, आणि एका डॉक्टरला दुसऱ्या डॉक्टरचा सल्लाही अशा रीतीने घेता येतो. म्हणजे तुमचे फॅमिली डॉक्टर आपल्या दवाखान्यातून, बाबांना समोर बसवून, मुंबईच्या तज्ज्ञांशी बोलू शकतात. वर्षातून एकदा, किंवा चित्र एकदम बदलले तर, प्रत्यक्ष जावे. दर दोन महिन्यांनी आठशे किलोमीटर जाण्यासारखे या आजारात दर दोन महिन्यांनी काही बदलत नाही. थकवा मात्र हमखास वाढतो.

जे बदलते ते घरी बदलते, आणि ते पाहायला जवळचाच डॉक्टर लागतो. एखाद्या मंगळवारी बाबा अचानक खूप ढासळतील, उठता येणार नाही, बोलणे कळणार नाही, आणि सगळे म्हणतील की आजार वाढला. हा आजार एका रात्रीत वाढत नाही. अशा वेळी बहुतेकदा लघवीत जंतुसंसर्ग झालेला असतो, छातीत कफ साठलेला असतो, आठ दिवसांचे शौच तुंबलेले असते किंवा पाणी कमी पडलेले असते, आणि यांतल्या प्रत्येकावर मानेवाड्यातच उपचार आहे. लघवी तपासायला, छातीला नळी लावून ऐकायला आणि पडून राहिल्याने पाठीवर लाली आली का हे पाहायला मुंबईचा माणूस उपयोगाचा नाही. शिवाय तुमच्या डॉक्टरांनी बाबांना ते धडधाकट असताना पाहिलेले आहे. ‘हे असे कधीच नव्हते’ हे वाक्य जो म्हणू शकतो, त्याच्या निदानाला वेगळी धार असते. आणि ते आणखी एका रुग्णाला पाहतील, जिचे नाव तुमच्या पत्रात रुग्ण म्हणून कुठेच नाही : रात्री तीनदा उठणारी तुमची आई.

फॅमिली डॉक्टरांकडे जाताना दादांनी इंटरनेटवरचे कागद छापून नेऊ नयेत, एवढे पथ्य पाळा. ‘डॉक्टर, हा आजार आम्हालाही नवा आहे, मुंबईचे पत्र आणले आहे, पण रोजचे तुम्हालाच पाहायचे आहे’ असे म्हणून ते पान पुढे करा. बहुतेक डॉक्टर अशा वेळी खुर्ची पुढे ओढतात. पान न वाचताच बाजूला ठेवणारे आणि ‘तीस वर्षे हेच करतो आहे’ म्हणणारेही असतात. तुमचे तसे निघाले, तर पंचवीस वर्षांचा ऋणानुबंध असला तरी दुसरे जनरल फिजिशियन शोधा. त्यात कृतघ्नता नाही. आणि मुंबईचे तज्ज्ञ व घरचे डॉक्टर यांच्या मधला दुवा म्हणून नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टांकडे दर तीन-चार महिन्यांनी जात राहा. खर्चाचा प्रश्न असेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, सुपर स्पेशालिटी रुग्णालयातही न्यूरॉलॉजी विभाग आहे.

पैशांविषयी थोडक्यात. दुर्मीळ आजारांसाठी 2021 चे राष्ट्रीय धोरण आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातले एक केंद्र आहे, पण ते धोरण ठरावीक यादीतल्या, मुख्यतः जन्मजात आणि आनुवंशिक आजारांसाठी आखलेले आहे, म्हणून त्याच्या भरवशावर बेत करू नका. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मात्र काढा. 2016 च्या कायद्यात पार्किन्सन आणि इतर दीर्घकालीन मज्जाविकार यांचा समावेश आहे.

दादांना एक काम द्या. लांब राहणाऱ्या मुलाला घरचे काही करता येत नाही, म्हणून तो सर्वांत मोठ्या रुग्णालयाचे नाव घेतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. मुंबईची तारीख घेणे, फाइल स्कॅन करून ठेवणे, व्हिडिओ भेटीच्या वेळी जोडले जाणे आणि वर्षातून दोनदा आठ दिवस येऊन आईला पूर्ण झोप मिळू देणे हे त्याच्याकडे सोपवा. यांतले शेवटचे मी सर्वांत मोलाचे धरतो.

बाबांच्या ‘मला कुठेही नेऊ नका’ या वाक्याचा अर्थ त्यांना आयुष्यात रस उरला नाही, असा लगेच लावू नका. त्यांना एकट्याने, आई खोलीत नसताना विचारा की प्रवासातले नेमके काय नको वाटते. माझा अंदाज असा, की रेल्वेच्या त्या हलत्या, ओल्या संडासात रात्री पाच वेळा जावे लागेल आणि सगळ्या डब्यासमोर फजिती होईल, ही त्यांची खरी भीती आहे, आणि मुलीपुढे ते तोंडाने निघत नाही. तसे असेल तर उपाय औषधांच्या दुकानात मिळतो. झाकणाचे प्लॅस्टिकचे यूरिनल आणि रात्रीपुरते डायपर आणा, खालचा बर्थ घ्या, आणि पडदा असलेल्या डब्याचे तिकीट काढा. ते यूरिनल आजपासूनच घरी पलंगाशी, उजव्या हाताला लागेल असे ठेवा. रात्री अंधारात उठून न्हाणीघरापर्यंत जाणे त्याने वाचेल, आणि प्रवासाच्या दिवसापर्यंत त्यांना त्याची सवयही झालेली असेल.